अनुभव आहे, पत्ता नाही

फूटपाथवर झोपायलाही अक्कल लागते. कुठल्या दुकानाचं शटर किती वाजता पडतं, पावसात कुठल्या पुलाखाली पाणी चढत नाही, पालिकेची गाडी आली की आधी पोर उचलायचं की बोचकं, चपला उशाखाली का घ्यायच्या, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पण बेघरांच्या निवाऱ्यात माणूस नेमायची वेळ आली की आपला पहिला प्रश्न, शिक्षण किती? दुसरा, राहता कुठे?

‘पुलाखाली’ हे उत्तर अर्जाच्या चौकटीत मावत नाही.

लाख वस्तीमागे एक निवारा, तोही चोवीस तास उघडा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये बजावलं. मुंबईची वस्ती २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आसपास. म्हणजे सव्वाशे निवारे. केंद्राच्या शहरी बेघरांसाठीच्या योजनेत प्रत्येक निवाऱ्याला आठ-आठ तासांच्या पाळीनं तीन काळजीवाहक ठरले होते. झाल्या की पावणेचारशे नोकऱ्या! (निवारे आहेत कुठे, ते विचारू नका. हिशेब कागदावरचा आहे.) त्याच जनगणनेनं मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले. एवढ्या अनुभवी उमेदवारांतून पावणेचारशे निवडता येऊ नयेत?

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘पाथवेज टू हाउसिंग’ सुरू केलं. बेघरांना आधी घर, उपचारांचं मागाहून. त्यांच्या पथकात डॉक्टर-नर्सच्या जोडीला त्याच वाटेनं आलेला माणूसही पगारावर असे. ‘साहेब, आत या’ म्हटल्यावर जो येत नाही, तो ‘चल रे, मी पण इथेच होतो’ म्हटल्यावर निदान मान तरी वर करतो.

आपल्याकडेही असा माणूस असतोच. रात्री दोनला झोकांड्या खात आलेल्याला तोच सावरतो, आधारच्या रांगेत म्हातारीबरोबर तोच उभा राहतो. त्याला आपण ‘स्वयंसेवक’ म्हणतो, कारण काळजीवाहक म्हटलं तर पगार द्यावा लागेल. आता फूटपाथवर राहिलेला प्रत्येक जण काही संत नसतो. त्यालाही प्रशिक्षण लागतं, सुट्टी लागते, दुसऱ्याचं दुःख ऐकून आपलं उसवलं तर बोलायला कुणी लागतं. पण हे सगळं पगारदारालाच मिळतं.

परिसंवादात मात्र त्याला आवर्जून बोलावतात. दहा मिनिटं अनुभव सांगायचा, मग शाल-श्रीफळ. शाल रात्री उपयोगी पडते. नारळाचं म्हणाल, तर बाकीच्यांना तो नोकरीवरून काढताना देतात. याला नोकरीच्या आधीच मिळाला.