पाव्हणं, तंबूत कशाला?

मराठवाड्यात बिनघोर आडवा झालेला एकच जण माझ्या पाहण्यात आहे, खुलताबादचा भद्रा मारुती. बाकीचे मारुती वेशीवर उभे, हा निजलेला. श्रावणी शनिवारी संभाजीनगरहून माणसं रात्रभर चालत त्याच्या दर्शनाला जातात, पण तो कुणाला सांगून झोपला होता का, असं कुणी विचारत नाही. सायकलीला तंबू बांधून निघालेल्या माणसाच्या नशिबी हे सुख नाही.

तंबू माझ्या बँकेतल्या मित्राचा. युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने लोक सायकली घेऊन देशच्या देश ओलांडतात आणि संध्याकाळ झाली की नेमलेल्या तळावर तंबू ठोकतात, हे त्याने मोबाइलवर इतक्यांदा पाहिलं होतं की गोदावरीकडे तो अपराधी नजरेने बघू लागला होता. स्वीडनमध्ये म्हणे परक्याच्या जमिनीवर एखादी रात्र तंबू टाकायचा हक्कच आहे. अट एवढीच की घरापासून लांब राहायचं, मालकाला त्रास द्यायचा नाही. आपल्याकडे हा कायदा नेमका उलटा चालतो. घरापासून लांब तंबू टाकला तर तुम्ही चोर, आणि जवळ टाकला तर घरमालकाचा अपमान.

आम्ही नांदेडला निघालो होतो. संभाजीनगरच्या उशाशी सावंगीवरून समृद्धी महामार्ग जातो, पण ७०१ किलोमीटरच्या त्या वैभवावर दुचाकीलाही बंदी, तिथे सायकलीची काय कथा. म्हणून जालना, सिंदखेडराजा, लोणार, मंठा, जिंतूर, औंढा, वसमत असा वाकडा रस्ता धरला. मुक्कामाच्या जागांची यादी मित्राने घरीच केली होती. नकाशावर हिरवा ठिपका दिसेल तिथे त्याने खूण केली होती. प्रत्यक्षात ते ठिपके निघाले उसाचे फड, वेड्या बाभळी आणि एक वीटभट्टी.

खरं तर मुक्कामाच्या सोयीत आमचा जिल्हा एकेकाळी जगाला धडे देत होता. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात जा. मधे चौक, तीन बाजूंना बारा खोल्या आणि खोलीत समोरासमोर दोन-दोन दगडी ओटे, झोपण्यासाठीच कोरलेले. वर्षावासात भिक्खूंना कुठे राहायचं हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी कायमचा मिटला होता. आज तिथे पाठ टेकायचा विचार नुसता चेहऱ्यावर आला तरी पहारेकरी शिट्टी वाजवतो.

पहिली रात्र जालना आणि सिंदखेडराजा यांच्या मधल्या एका गावात देवळात काढायची ठरली. प्रशस्त सभामंडप, फरशी, पंखे, नळ. पुजारीबुवा म्हणाले, "झोपा की बिनधास्त, देवाचंच घर आहे." गावात सप्ताह बसलाय, हे त्यांनी सांगितलं नाही; सांगायची गरजच नव्हती, कर्ण्याला कर्णा लागून पाच भोंगे होते. सप्ताहाचं वेळापत्रक ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं कळलंच असेल. नऊ ते अकरा कीर्तन, अकरानंतर हरिजागर, पहाटे चारला काकडा. यात झोपेची वेळ छापलेली नसते. टाळकरी आळीपाळीने जागत होते, आम्ही मात्र दोन्ही पाळ्यांना हजर. जेवणाला तोड नव्हती हे कबूल केलं पाहिजे. वांग्याची भाजी, वरणबट्टी आणि बुंदी, आणि "घ्या हो, सायकल चालवायचीय" म्हणत वाढणारा आडदांड गडी. पोट इतकं भरलं की तशीही झोप आली नसती.

लोणारचं आटोपतं घेतो. उल्का पडून झालेलं ते जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर पाहून मित्र म्हणाला, "काठावर तंबू!" पण ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही. आभाळातून पडलेल्या दगडाने परवानगी न घेता मुक्काम ठोकला तो ठोकला, आम्हाला मुकाट लॉज बघावा लागला.

पुढे जिंतूरकडे वेगळीच भानगड. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकतं जाकीट, हातात मोबाइल आणि नजर मोकळ्या वावरावर. अशा माणसाकडे त्या भागात फक्त एकाच नात्याने पाहतात. जालना-नांदेड महामार्गाच्या भूसंपादनाची चर्चा घरोघरी पोचलेली. आम्ही सायकली टेकवायच्या आत चारजण गोळा. "काय करायलाव? मोजणीवाले का?" नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसेना. एकाने मोबदल्याचा दरच विचारला. दुसऱ्याने आपली विहीर कागदावर आलीय का ते बघायला सांगितलं. आम्ही सायकलवर नांदेडला चाललोय हे खरं कारण कुणालाच पटलं नाही. "एसटी हाय की," एवढंच एक आजोबा हळहळून म्हणाले.

त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेची ओसरी झकास होती. गुरुजी म्हणाले सरपंचांना विचारा, सरपंच म्हणाले ग्रामसेवकाला विचारा, आणि ग्रामसेवक तालुक्याला राहतो. आपल्या लोकशाहीत माणूस ओसरीपर्यंत पोचतो, पथारी पसरेपर्यंत नाही.

औंढ्याला मात्र मनाला थोडी उभारी आली. आडवं कुठे व्हायचं या विषयातले मूळ पुरुष इथलेच, विसोबा खेचर. गोरोबाकाकांनी मडकं कच्चं ठरवल्यावर नामदेव गुरू शोधत औंढ्याला आले, तर हे म्हातारबाबा थेट शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, बाबा रे, जिथे पिंड नसेल तिथे उचलून ठेव माझे पाय. नामदेव जिथे पाय ठेवू जातात तिथे पिंड. मित्राला या कथेतलं अद्वैत फार भावलं आणि प्राकारातच पथारी पसरावी असं तो सुचवू लागला. मी त्याला जमिनीवर आणलं. पुढे नामदेवांच्या कीर्तनासाठी इथलं अख्खं देऊळ फिरलं असं सांगतात. आम्ही भक्तनिवासाच्या खिडकीशी अर्धा तास उभे होतो, तर आतल्या गृहस्थांची खुर्चीसुद्धा फिरली नाही.

तेव्हा वसमतच्या अलीकडे, अंधार पडल्यावर, कुणालाही न विचारता एका वावरात तंबू लागला. जागा खासच होती. सपाट, मऊ काळी माती, खिळे लोण्यासारखे आत गेले. चारी बाजूंनी बोटभर उंचीचा बांध घातलेला, वाऱ्याला आडोसा म्हणूनच जणू. मित्राने समाधानाने तंबूची चेन ओढली. आकाशात चांदणं, भोंगा नाही, मोबदला नाही.

रात्री एकच्या सुमाराला लाईट आली. शेतीला तीन फेजची वीज कधी दिवसा कधी रात्री, आणि मोटारीला ऑटो लावलेला. लाईट आली की ती आपली आपण सुरू होते. कुठेतरी लांब मोटार घुरघुरली. थोड्या वेळाने माझ्या पाठीखाली काहीतरी गार सरकलं. मित्र झोपेत म्हणाला, "दव पडतंय." दव खालून पडत नाही हे त्याला पटेपर्यंत चपला तरंगत पलीकडच्या वाफ्यात गेल्या होत्या. चेन उघडली तर समोर बॅटरीचा झोत, त्यामागे खांद्यावर फावडं घेतलेला म्हातारा. दारं धरायला आलेला.

"आरं पाव्हणं! इथं काय करायलाव?"

आम्ही घोटाभर चिखलात उभे राहून सायकल, नांदेड, डॅन्यूब असं सगळं सांगितलं. त्याला राग आला, पण पिकाचा नाही. "घर आसताना तंबूत कशाला? माझ्या वावरात पाव्हणे भिजले, लोकं काय म्हणतील मला?" आम्हाला तो ओळखत नव्हता, आमची नावंही त्याने अजून विचारली नव्हती. पण त्याच्या लेखी आम्ही अंधार पडल्यापासून त्याचे पाहुणे होतो. हजर व्हायला उशीर केला तो आमचा गुन्हा.

त्याने आधी फावड्याने बारं मोडून पाणी वळवलं, मग आम्हाला आखाड्यावर नेलं. सुनेला उठवलं. नको नको म्हणेपर्यंत चहा झाला, गोधड्या आल्या, घरातली एकुलती एक बाज आम्हाला. "आणि तुम्ही?" मी विचारलं. म्हाताऱ्याने अंगणात वाळत घातलेल्या तंबूकडे पाहिलं. नातवाला घेऊन तो आत शिरला, आतून दोनदा चेन वरखाली करून बघितली, आणि मिनिटाभरात घोरायला लागला.

सकाळी बाहेर येऊन त्याने तंबूला सावकाश प्रदक्षिणा घातली, कापड चिमटीत धरून पाहिलं. "डास येत नाहीत. वारं बी लागत नाही. केवढ्याला घेतला?"

मित्राने अभिमानाने आकडा सांगितला.

म्हातारा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एवढ्यात गाभण शेळी आली आसती."