जुना डिरेलर निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

(मीरा-भाईंदर महानगरपालिका हद्दीतील, गुडघे शाबूत असलेल्या व नसलेल्या सर्व सायकलस्वारांसाठी)

मीठ पिकवायला सपाट जमीन लागते. भाईंदरला मिठागरं झाली, याचा अर्थच असा की निसर्गाने या गावाच्या वाट्याला फारसा चढ दिलेला नाही. काळी सायकल, पुढे 44 दात्यांचं चेनव्हील, मागे 18 दात्यांचं फ्रीव्हील. पायडलाच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटर रस्ता मागे पडतो, आणि एवढ्या भांडवलावर दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची हयात निघाली. तरीही ज्याअर्थी आपण हे वाचत आहात, त्याअर्थी आपल्याला मागे 34 दाते हवे आहेत, आणि ते पेलणारा डिरेलर, म्हणजे चेन या चक्रावरून त्या चक्रावर ढकलणारा मागचा गिअर, पन्नास वर्षं जुनाच हवा आहे. या विकारावर औषध नाही. मार्गदर्शन मात्र आहे.

पायरी पहिली : चढ सिद्ध करा

घरातून पहिला प्रश्न येईल, "इथे गिअर कशाला?" उत्तर आधीच तयार ठेवावं. मेट्रोच्या खांबांखालचे उड्डाणपूल पुरावा म्हणून सांगू नयेत. त्यांवरून रिक्षासुद्धा हसत जातात. उत्तनकडचा डोंगरीचा चढ सांगावा. त्याला इतिहासाची जोड मिळते. पुढे चौकला धारावीचा किल्ला आहे आणि 1739 च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेला तो घ्यावा लागला होता. त्या फौजेला गिअर लागले नाहीत, असं कुणी म्हणालं तर विषय घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटाकडे वळवावा. तिथे चौदा चाकांचे कंटेनर पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतात. शेकडो अश्वशक्तीच्या इंजिनाला ज्याची लाज नाही, त्याची आपण का बाळगावी?

एवढ्यावरही भागलं नाही, तर फ्रान्सचा दाखला द्यावा. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांच्या मते गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय होती, म्हणून त्या शर्यतीत 1937 पर्यंत डिरेलरला मज्जाव होता. आपलं वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, तर हा दाखला प्रमाणपत्र म्हणून वापरता येतो.

पायरी दुसरी : अंकगणित

जुना डिरेलर बघायला जाण्यापूर्वी दोन आकडे पाठ करावेत. पहिला, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते. दुसरा, एकूण क्षमता. पुढच्या मोठ्या-लहान चेनव्हीलमधला फरक, अधिक मागच्या मोठ्या-लहान चक्रांमधला फरक, म्हणजे ही क्षमता. पुढे 48 आणि 28, मागे 14 ते 34 असा बेत असेल तर वीस अधिक वीस, चाळीस. म्हणजे चाळीस दात्यांच्या फरकाने ढिली पडणारी चेन डिरेलरच्या पिंजऱ्याने ओढून धरायची आहे. पिंजरा लांब का हवा, ते इथे कळतं.

एवढं करून मिळतं काय? 27 इंची चाकावर सर्वांत जड गिअरला एका फेऱ्यात सात मीटरच्या वर, आणि सर्वांत हलक्या गिअरला जेमतेम पावणेदोन मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले, तर ताशी साडेसहा किलोमीटरही होत नाहीत. म्हणजे सायकल चालत्या माणसाच्या वेगाने जाते, फक्त आपण बसलेले असतो. हलक्या गिअरचं सगळं तत्त्वज्ञान ते हेच.

क्षमतेच्या आकड्याबद्दल एक दिलासा. मीरा रोडला फ्लॅट घेताना बिल्डरने सांगितलेल्या चौरस फुटांतून भिंती, जिना आणि लॉबी वजा करत जावं लागतं. जुन्या डिरेलरचे कारखानदार उलट चालीचे. कॅटलॉगात सावधपणे कमीच लिहीत. शिवाय पुढचं लहान आणि मागचं लहान ही जोडी वापरायचीच नाही, असं ठरवलं की छत्तीसच्या डिरेलरवर चाळीसचा संसार चालतो. त्या एका जोडीत चेन लोंबेल, बाकी कुठे नाही. ही सवलत मोठ्या-मोठ्या जोडीला मात्र नाही. का ते पाचव्या पायरीवर पाहू.

पायरी तिसरी : रूपाला भुलू नका

सर्वांत देखणा उमेदवार इटलीचा, कॅम्पाग्नोलो न्युओवो रेकॉर्ड, 1967 सालचा. चकाकी अशी की हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही. पण तो शर्यतवाल्यांचा. मागचं चक्र तिशीच्या आसपास आलं की त्याचा दम संपतो.

फ्रान्सचा सिंप्लेक्स वजनाला हलका, कारण त्याचं बरंचसं अंग प्लास्टिकचं. पन्नास वर्षांनी त्या प्लास्टिकची काय अवस्था असेल, हे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बघून ताडावं.

फ्रान्सचाच ह्युरे द्युओपार मात्र खरा विद्वान. त्यात एकाऐवजी दोन समांतरभुज चौकटी: एक आडवी हलते, दुसरी चक्राच्या आकाराप्रमाणे वर-खाली होते. मोठ्या चक्रांवर तो अप्रतिम चालतो. पण प्रकृतीने नाजूक. मीरा-भाईंदर रोडच्या एका पावसाळ्यात त्याला ढकलणं हे क्रौर्य होईल.

उरला जपानचा सनटूर. ओसाकाजवळच्या साकाई गावच्या माएदा कंपनीने 1964 मध्ये एक साधी गोष्ट केली: डिरेलरची चौकट तिरकी बसवली. चौकट सरळ असली की डिरेलर नुसता आत-बाहेर सरकतो. 34 दात्यांच्या चक्राला वाट द्यायची म्हणून त्याचं वरचं छोटं चाक आधीच खाली ठेवावं लागतं, मग लहान चक्रापासून ते फार दूर राहतं आणि गिअर पडताना चेन विचार करत बसते. तिरकी चौकट आत जाता जाता खालीही उतरते, चक्रांच्या उतरंडीच्या कडेकडेने. अंतर साधारण तेवढंच राहतं आणि गिअर चटकन पडतो. हे पेटंट 1984 मध्ये संपलं आणि बाकीच्यांनी ती युक्ती उचलली. आज डिरेलर म्हणून जे काही विकलं जातं, ते जवळपास सगळं तिरकं आहे. सनटूरला त्याचं श्रेय मिळालं, धंदा मात्र टिकला नाही.

आपल्यासाठी सनटूरचा 1970 च्या दशकातला लांब पिंजऱ्याचा व्हीजीटी. दिसायला सामान्य, मागे 34 दाते सहज पेलतो. तो न मिळाल्यास 1980 च्या दशकाच्या सुरुवातीचा शिमानो डिओरे एक्सटी, ज्यावर हरणाचं शिंगाळं डोकं कोरलेलं असतं. तो डोंगरी सायकलींसाठीच घडवला होता. "डोंगरी म्हणजे उत्तनची का?" असं घरून विचारलं गेल्यास होकार द्यावा.

पायरी चौथी : खरेदी

मुंबईत चोर बाजारची मटन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, आणि आपल्या घराजवळचा भंगारवाला, या क्रमाने जावं. विक्रेता "साहब, जपान का पीस है" म्हणेल. खरोखरच जपानचा असेल, तर चेहरा कोरा ठेवावा. डिरेलर मागण्याऐवजी आधी एखादं कॅरिअर किंवा घंटी मागावी.

तपासणी अशी करावी. पिंजऱ्याचं खालचं टोक बोटांत धरून आडवं हलवावं; लुळं पडलं असेल तर सांधे झिजलेत, परत ठेवावा. पिंजरा ओढून सोडावा. स्प्रिंगने जोरात जागेवर यायला हवा. छोट्या चाकांचे दाते टोकदार झाले असतील तर घाबरू नये, ती चाकं बदलता येतात. भाईंदरच्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमवर पांढरी बुरशी धरते, ती पुसून जाते. गंजून आवळून बसलेला स्टीलचा बोल्ट मात्र फ्रेमलाही सोबत घेऊन जातो.

पायरी पाचवी : जोडणी

काळ्या सायकलीला डिरेलर लावू नये. तिच्या फ्रेमला त्यासाठी कान नसतो, आणि तिची चेन रुंद, एक अष्टमांश इंचाची; गिअरच्या सायकलीला तीन बत्तिसांशची लागते. पाच चक्रांच्या फ्रीव्हीलला मागे 120 मिलिमीटर फट हवी, सहांना 126. गिअरच्या सायकलीच्या फ्रेमलाही कान नसेल, तर पंजाची पट्टी मिळते. ती चाकाच्या नटाखाली आवळावी.

चेन मोजण्याची रीत एकच: डिरेलरमधून न ओवता ती दोन्ही मोठ्या चक्रांवरून फिरवावी आणि वर एक इंच ठेवावा. इथे काटकसर केली तर कधीतरी चुकून मोठ्या-मोठ्या जोडीत गिअर पडतो, ताणलेली चेन डिरेलरला स्पोकांत ओढून नेते आणि डिरेलर, चाक व रविवार तिन्ही एकदम जातात.

या गिअरला खट्‌खट् घर पडत नाही. लिव्हर सरकवत राहायचा आणि चेनची घरघर थांबली की हात काढायचा. गिअर कानाने टाकायचा असतो. काशीमीऱ्याच्या सिग्नलला हॉर्नच्या गजरात हे जमणार नाही. सराव पहाटे, उत्तनच्या रस्त्यावर करावा.

निवाडा

मागे 34 दाते हवे असतील, तर लांब पिंजऱ्याचा, तिरक्या चौकटीचा जपानी डिरेलर घ्या. सनटूर व्हीजीटी मिळाला तर पुढे शोधू नका. द्युओपार सापडला तर जपून वापरणाऱ्याला द्या. कॅम्पाग्नोलो स्वस्तात मिळाला तर तोही घ्या, पण दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवा. घाट त्याच्याकडून चढवून घेऊ नका. आणि चेन कापण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजा.