हक्काचा परीघ

सामान्य माणसाचा हक्क बुडतो, आमदाराच्या हक्काचा मात्र भंग होतो. बुडाला तर माणूस कचेरीत खेटे घालतो. भंगला तर सभागृहात ठराव येतो, समिती बसते आणि एखाद्याला तुरुंगाची वाटही धरावी लागते. आपल्या वर्तमानपत्रांत 'हक्कभंग आणणार' हे वाक्य पावसाच्या अंदाजाइतकं नेमाने छापून येतं. भूमिपूजनाच्या पत्रिकेत नाव खालच्या ओळीत गेलं, कोनशिलेवर नावच नाही, तहसीलदार उठून उभे राहिले नाहीत, की साहेबांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो हाच. संविधानाच्या कलम 105 आणि 194 मध्ये विशेषाधिकार आहे तो वेगळ्याच कामासाठी. सभागृहात आमदार जे बोलेल, जसं मत देईल, त्यापायी त्याला कोर्टात खेचता येऊ नये, म्हणजे बोलायला भीती नको. (मत विकण्याचीही भीती नको, असा अर्थ काहींनी काढला होता, मार्च 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी तो रद्द केला.) थोडक्यात, ही सोय जिभेसाठी केलेली. आपण ती पागोट्यासाठी वापरतो.

याचा उत्तम नमुना बंगळूरच्या उत्तरेला, येलहंक्यात सापडतो. विशेष हक्कापायी कैद ही या गावाची जुनी परंपराच म्हणायची. इथले नाडप्रभू केंपेगौडा, ज्यांनी 1537 मध्ये बंगळूर वसवलं, त्यांनी परवानगी न घेता स्वतःची नाणी पाडली आणि नाणी पाडण्याचा मान आपला म्हणणाऱ्या विजयनगरच्या दरबाराने त्यांना आनेगुंदीला पाच वर्षं डांबलं, असं सांगतात. (त्यांच्या वंशजांकडून 1638 मध्ये बंगळूर विजापूरकरांनी घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, म्हणून मराठी माणसाने या गावच्या भानगडीत नाक खुपसायला हरकत नसावी.) राजेशाही गेली, विधानसभा आली. जून 2017 मध्ये कर्नाटक विधानसभेने 'येलहंका व्हॉइस'चे संपादक अनिल राजू आणि 'हाय बंगळूर'चे रवी बेळगेरे यांना एक वर्ष कैद आणि दहा हजार रुपये दंड ठोठावला. गुन्हा काय, तर आमदारांविषयी बदनामीकारक मजकूर छापला. तक्रारदारांत येलहंक्याचे भाजपचे आमदार होते आणि काँग्रेसचेही होते. एरवी या दोन पक्षांचं घड्याळात किती वाजले यावरही जमत नाही. शिक्षा जाहीर केली अध्यक्ष के. बी. कोळिवाड यांनी. 'हाय बंगळूर'विरुद्धच्या तक्रारदारांपैकी एक, अध्यक्ष होण्यापूर्वीचे, तेच. फिर्यादी, पंच आणि न्यायाधीश एकाच छपराखाली, हा खर्चाच्या दृष्टीने काटकसरीचा प्रकार खरा. दोघा संपादकांनी मग हायकोर्टाचं दार ठोठावलं.

आता विचारायचं ते एवढंच, की संपादकाने नक्की कुठली रेघ ओलांडली? रेघ आखलेलीच नाही. कायदा होईपर्यंत आमच्या सभागृहांचे विशेषाधिकार इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सएवढे राहतील, असं 1950 मध्ये लिहिलं. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने परक्या देशाचं नाव खोडलं आणि त्याजागी मजकूर असा घातला की आधी होतं तेच पुढे चालू. आधी काय होतं? तेच खोडलेलं. गंमत म्हणजे खुद्द कॉमन्सने शेवटचं कोणाला कोंडलं ते 1880 मध्ये, चार्ल्स ब्रॅडलॉ यांना, आणि तेही निवडून आलेले सदस्यच होते. साहेबाने टाकून दिलेला कोट आपण अजून इस्त्री करून घालतो.

मानपानात आपले पूर्वज यापेक्षा चोख होते. पाटलाचा विडा पहिला की देशमुखाचा, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीची पोळी कोणाची, चांभाराने जोडा आणि तेल्याने तेल कोणाला द्यायचं, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. पण गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. मान फाजील असेल, मोघम नसे. लग्नात विहीणबाई रुसू नयेत म्हणून आजही आधी याद्या होतात: साडी कोणती, आहेर किती, सही दोन्हीकडची. विधिमंडळाच्या मानपानाची तेवढी यादी मात्र अजून व्हायची आहे, म्हणून तिथे रुसणाऱ्यालाच रुसव्याची किंमत ठरवता येते.

यावर म्हणतील, वर्तमानपत्रांनी काहीही छापावं की काय? छापू नये. त्यासाठी अब्रुनुकसानीचा कायदा आहे, तो आमदारालाही खुला आहे. फक्त तिथे न्यायाधीश तिऱ्हाईत असतो, एवढीच अडचण. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हक्क लिहून काढले की कोर्टं त्यांचा कीस पाडतील आणि सभागृहाचं स्वातंत्र्य जाईल. लोकसभेच्या विशेषाधिकार समितीनेही 2008 मध्ये संहिता नको असाच कौल दिला. पण ऑस्ट्रेलियाने 1987 मध्ये कायदा करून हे सगळं लिहून ठेवलं आणि तिथली संसद अजून उभी आहे. त्याच 1987 मध्ये तामिळनाडू विधानसभेने 'आनंद विकटन'च्या संपादकांना एका व्यंगचित्रापायी तीन महिन्यांची सजा सुनावली आणि आरडाओरडा होताच काही दिवसांत सोडून दिलं. लिहिलेला नियम इतका चटकन मवाळ होत नाही, तसा इतका चटकन तापतही नाही.

आणि लिहिता येत नाही म्हणावं, तर येलहंक्यातच पुरावा आहे. इथल्या हवाईदलाच्या तळावर 1996 पासून 'एअरो इंडिया' भरतं. विमानांचा आकाशावर विशेष हक्क. खाटिकखान्याच्या कचऱ्यावर घारी जमतात आणि विमानाला धडकतात, म्हणून त्या दिवसांत आसपास मांसविक्री बंद. 2025 चा महापालिकेचा हुकूम बघा: तळापासून 13 किलोमीटर, 23 जानेवारी ते 17 फेब्रुवारी. लढाऊ विमानाचा मान केवढा, तरी तो किलोमीटरमध्ये मोजला आणि तारखेने बांधला. चौदाव्या किलोमीटरवरच्या कोंबडीवाल्याला सुरी खुशाल परजता येते, आणि आतल्याला ठाऊक असतं की 18 तारखेला सकाळी शटर वर करायचं.