अक्षय्य घडणावळ

वैशाख शुद्ध तृतीया जवळ आली की वर्तमानपत्राला सोन्याचा मुलामा चढतो. पहिली चार पानं सराफांची. देशात काय चाललंय ते पाचव्या पानापासून पुढे.

शास्त्राने या दिवसाचं जे काम नेमून दिलं होतं, ते व्यापाराच्या दृष्टीने अगदीच कुचकामी. मातीच्या घड्यात वाळ्याचं पाणी भरून पितरांच्या नावे द्यायचं. जमलं तर छत्री, पंखा, जोडेही द्यायचे. जैन परंपरेत वर्षभराच्या उपासानंतर ऋषभदेवांना राजा श्रेयांसाने हस्तिनापुरात उसाचा रस दिला, तोही याच दिवशी. म्हणजे जिकडे तिकडे द्यायचंच! अशाने पेढीचं भाडं कसं निघायचं?

तेव्हा बाजाराने पुण्याची फक्त दिशा फिरवली. आज जे द्याल ते अक्षय्य, हे जुनं झालं. आज जे घ्याल ते अक्षय्य!

सश्रद्ध श्रीमंताची पंचाईत अशी, की लॉकर भरलेला असला तरी मनाला खुटखुट असते. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे त्याने कीर्तनात पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं असतं. जाहिरात ही खुटखुट नेमकी हेरते. ती 'खर्च करा' म्हणत नाही, 'लक्ष्मीला घरी आणा' म्हणते. आता साक्षात लक्ष्मीला उंबऱ्यावरून परत पाठवायला कोण धजावणार? चार पुरुषार्थांत अर्थ आहे, हे जाहिरातवाल्याला तोंडपाठ. त्याच्या आधी धर्म येतो, तो मजकूर तळाशी बारीक टायपात, 'अटी लागू' या सदराखाली.

पेढीवरही भक्तीच्या पायऱ्या आहेत. एक ग्रॅमचं वेढणं घेणारा भाविक टोकन घेऊन उन्हात उभा. दहा तोळ्यांचा भाविक थेट वरच्या मजल्यावर. तिथे एसी, केशर घातलेलं पन्हं आणि पगारी गुरुजी. गुरुजी हाराला हळदकुंकू वाहतात, काउंटरवरची मुलगी घडणावळीवरची सूट वजा करते, तीन टक्के जीएसटी लावते आणि देवीचं चांदीचं नाणं 'प्रसाद' म्हणून हातावर ठेवते. पुण्य पदरात, माल पिशवीत, पावती खिशात.

तरी दानाचा कप्पा रिकामाच राहतो, म्हणून सराफांना एक नम्र सूचना: पुढच्या वर्षी सोन्याचा उदककुंभ काढा. सकाळी मुहूर्तावर दान करायचा आणि संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत, घट न धरता, त्याच दात्याला परत. गुरुजींची दक्षिणा हप्त्यांनी.