वाडा पुनर्विकासाला देण्यापूर्वी कळवावे

समस्त पुणेकर मंडळींस,
सा. न. वि. वि.

शहरातल्या ऐतिहासिक जागा आणि त्यांच्या गोष्टी गोळा करायचे आम्ही मनावर घेतले आहे. ‘आम्ही’ म्हणजे मी एकटाच. पण एकट्याच्या उद्योगालाही पुण्यात समिती म्हणतात. आपल्याला इतिहास ठाऊक नाही, असे म्हणायची माझी छाती नाही. १८२८ साली शनिवारवाडा किती दिवस जळत होता, यावर रिक्षा थांबवून वाद घालणारे आपण! म्हणून शनिवारवाडा कळवू नये. तो आम्हांला सापडला आहे.

शिवाजी पुलाला अजून ‘नवा पूल’ म्हणणाऱ्यांनी निर्धास्त असावे. १९२३चा आहे, इतक्यात जुना होत नाही. लकडी पुलाचे लाकूड कुठे गेले, अशी पत्रे पाठवू नयेत.

हौदांचे मात्र जरूर कळवा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून पेठांतल्या हौदांत आले. त्यांतला एखादा तुमच्या बोळात असेल आणि त्यात आज करवंट्या नि मोडकी सायकल असेल, तर तेही लिहा. आम्ही नावे ठेवणार नाही. (ठेवू, पण मागून.)

खरी निकड आहे ती पाटी नसलेल्या गोष्टींची. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात आजी जिन्याशेजारच्या कोनाड्यावर तळहात टेकवून सांगायची, “पानशेतचं पाणी इथवर.” तारीख १२ जुलै १९६१. पाणी ओसरले तेव्हा त्या कोनाड्यात कुणाचा तरी पोळपाट येऊन बसला होता. मालक सापडेना, म्हणून पुढे बत्तीस वर्षे आमच्या पोळ्या त्यावरच लाटल्या गेल्या. पोळपाट अजून आहे. कोनाड्याच्या जागी लिफ्ट आली. आता पाणी कुठवर होते हे पाहुण्यांना दाखवायचे, तर तळमजल्याचे बटण दाबून दार मिटायच्या आत हात वर करावा लागतो. शेजारचे काका म्हणतात, “सोसायटीत असले चाळे नकोत.”

तेव्हा करारावर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला एकदा भिंतीपाशी न्या आणि त्याचा हात कुठे टेकतो ते बघा. बिल्डर तेवढा वेळ थांबतो. चहा द्यावा लागेल.

आणि हो, त्या पुरात कुणाच्या घरचा पोळपाट गेला असल्यास ओळख पटवून न्यावा. मागे ‘सौ.’ एवढेच कोरलेले आहे. पुढचे नाव झिजले आहे.

लोभ असावा.

आपला,
वाड्याचा माजी भाडेकरू