भिंतीला भेग, मालकाला घोर

अहो वहिनी, कुरडया राहू द्या जरा, उन्हाला काय कमी आहे? इकडं भिंतीशी या. रात्री तुमच्या धाकट्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायला होता. मी कान देऊन ऐकलं नाही बरं, खिडकी उघडी होती. फोनवर म्हणायला होता, "रिपोर्टात सगळं लिहिलंय साहेब, तुम्ही वाचलं नाही त्याला मी काय करू!" गिऱ्हाईकाशी असं बोलतेत व्हय?

काय म्हणता, चाळीस पानांचा रिपोर्ट? अगं बाई! भिंतीचे फोटो, लाल बाण, खाली सगळं इंग्रजी. अन् ते नांदेडचं जोडपं रात्रभर अंगणात बसलं? बसणारच की. हिंगोलीकडं 2024 साली 21 मार्चला सकाळी सहाच्या सुमाराला भूकंपाचा 4.5 चा धक्का बसला, तो नांदेडातही जाणवला. जुलैत परत तेवढाच. आधीच भिंतीकडं बघत झोपणारी माणसं ती, अन् तुमचा पोरगा त्यांना लिहून देतो, 'संरचनात्मक दोष संभवतो'. संभवतो म्हणजे काय वो? आज का उद्या?

नाही, पोरगं हुशार आहे, मी कुठं नाही म्हणाले? पुण्यात ताबा घ्यायच्या आधी फ्लॅट तपासून द्यायचं काम करून आलाय. पण लातुरात हा धंदा म्हणजे नवी नवरी. परवा कोपऱ्यावरचे दुकानदार मला विचारत होते, तो वास्तुवाला आहे का घरपट्टीवाला? मी म्हणलं, दोन्ही नाही, घराचा डॉक्टर आहे. ते म्हणले, मग औषध कामून देत नाही?

औषध द्यायचंच नाही त्यानं, हे मात्र त्याचं बरोबर आहे. तपासणारा अन् दुरुस्ती करणारा एकच झाला की प्रत्येक भेग मोठी दिसायला लागते. ते गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारे त्याला टक्केवारी देऊ म्हणत होते ना? घेतली नाही, शहाणा.

पण बोलायचं कसं ते त्याला शिकवा, वहिनी. मी हे काम केलेलं आहे. हसू नका. तेव्हा मी औशाकडं सासरी होते. 1993, 30 सप्टेंबर. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, माणसं दमून झोपलेली, अन् पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना... जाऊ द्या, तुम्हाला ठाऊक आहे. त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. बावन्न गावं उठून नव्या जागी बसली; बाकीच्या गावांत ज्याचं घर त्यानंच दुरुस्त करायचं, सरकारचं अनुदान, जागतिक बँकेचं कर्ज. ते लोकांना समजवायला महिला मंडळाच्या बायांना 'संवाद सहायक' केलं होतं. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग संस्था त्यामागं होती. त्या बायांत मीही.

एक म्हातारे होते. वाड्याचे लाकडी खांब, तुळया जागच्या जागी उभ्या, अन् दगडी भिंती सगळ्या ढासळलेल्या. ते म्हणायचे, लाकूड विकतो अन् स्लॅब टाकतो, दगडाचं तोंड बघायचं नाही मला. इंजिनिअर साहेब येऊन अर्धा तास सांगून गेले. म्हाताऱ्यानं मान डोलावली अन् पत्र्याखालीच राहिला. मग मी गेले. चहा पिले. त्यांनी एकच विचारलं, "पोरी, आज रात्री आत झोपू का?"

साहेबांनी तेवढंच सांगितलं नव्हतं बगा.

मी म्हणलं, बाबा, या भिंतीखाली नाही, पण लाकडानं छत धरलं होतं ते तुम्हीच बघितलंय. भिंत पडली कामून? दोन हात रुंद, पण आतून दोन पदर, मधी नुसती माती अन् कपच्या. एक पदर इकडं फुगला, एक तिकडं. आरपार जाणारा दगड मधी मधी बसवला, माळवदावरची माती कमी केली, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवला, तर भिंत एकजीव राहते. ते सगळं हातानं दाखवलं, भिंतीपाशी उभं करून. पुढच्या उन्हाळ्यात म्हातारा आत झोपला.

म्हणून म्हणते, पोराला सांगा, पहिल्या पानावर मराठीत चारच ओळी लिही: आज झोपायला हरकत आहे का, आधी काय दुरुस्त करायचं, कशाला वेळ आहे, अन् कशाकडं बघायचंच नाही. मागचे फोटो इंजिनिअरला अन् बिल्डरला दाखवायला. ताबा घेऊन पाच वर्षं झाली नसतील तर रेराच्या कायद्यानं बांधकामातला दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तेव्हा ती पानं कामाला येतेत.

काय निघालं म्हणता त्या नांदेडच्या घरात? खांब अन् विटांच्या भिंतीच्या सांध्यात सरळ उभी भेग? एवढंच? ती तर घरोघरी असते, जाळी मारून गिलावा केला की झालं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेली असती तर गोष्ट वेगळी. तिच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहायची, पावसाळा जाऊ द्यायचा. आपली काळी माती, उन्हाळ्यात आकसते, पाऊस पडला की फुगते, तिच्यावर उभी असलेली भिंत हलणारच की. रेघ ओलांडून भेग पुढं गेली तर मोठ्या इंजिनिअरला बोलवा म्हणून सांगायचं. "हे माझ्या कामातलं नाही" असं म्हणायला लाज कशाची?

अन् घरात शिरल्या शिरल्या नाक मुरडायचं नाही. मुलगी बघायला आलेली सासू असते ना, पदर चाचपते, चालून दाखव म्हणते, तसं नको. त्या माणसानं आयुष्यभराची कमाई घातलेली असते त्यात. फरशी पोकळ वाजली तर त्याच्या हातात नाणं द्या, त्यालाच वाजवू द्या.

आज नांदेडला जा म्हणावं. फोन नाही, स्वतः. जुनी बस धरली तरी दुपारपर्यंत पोचतो. त्या बाईला भिंतीपाशी उभं करून सांगितलं की झोपेल ती.

अन् हो, ही आपल्या दोघींमधली भिंत, ही बगा इथं, जास्वंदीपाशी. चैतापासून बोट जायलंय हिच्यात. नांदेडहून आला की पेन्सिल घेऊन ये म्हणावं, चहा माझ्याकडं. पैसे किती ते आधीच सांगायला लावा. शेजारी म्हणून फुकट बघितलं तर उद्या सगळी गल्ली रांग लावील.