न बोलणारा सज्जन

बीजिंगच्या एखाद्या बागेत दहा-बारा पाठी गोल करून वाकलेल्या दिसल्या, तर घाबरू नये. मारामारी नाही, मध्ये शिआंगछी, म्हणजे चिनी बुद्धिबळ चालू आहे. खेळणारे दोन, बाकी सगळे जाणकार. पहिल्या रांगेत घडीच्या स्टुलावर बसलेले असतात ते आपले नायक. तिकडे अशा वडीलधाऱ्या माणसाला 'दाये' म्हणतात. नोकरीतून निवृत्त झालेले, पण शेरेबाजीतून नाही. उन्हाळ्यात सदरा छातीपर्यंत गुंडाळलेला, पोटाला वारा लागतोय आणि जवळच्या बाटलीत तळाला बसलेली चहाची पानं.

या पटाच्या मधोमध नदी आहे. हत्तीला ती ओलांडायची परवानगी नाही. प्यादं ओलांडतं, मग आडवंही सरकतं, पण मागे फिरत नाही आणि शेवटच्या रांगेत पोचलं तरी त्याचा कोणी वजीर करत नाही. सल्लागार नावाचीही एक सोंगटी आहे. ती महालाबाहेर पाऊल टाकत नाही, नुसती सेनापतीच्या कानाशी घोटाळते. दाये याच सोंगटीवर गेलेत. बऱ्याच पटांवर नदीच्या पट्ट्यात एक म्हण छापलेली असते: डाव पाहताना जो गप्प राहतो तोच खरा सज्जन. दायेंची बाटली बरोबर त्या अक्षरांवर ठेवलेली असते.

पहिल्या खेळीपासूनचा डाव दायेंना पोरखेळ वाटतो. त्यांचा जीव अडकलाय तो डावाच्या शेवटाच्या कोड्यांत. 'शिछिंग याछू' या १५७० सालच्या संग्रहात अशी ५५० कोडी आहेत. दायेंना ती सगळी येतात, असं दाये म्हणतात.

रस्त्याच्या कडेला पथारीवाला फडकं अंथरून असंच एक कोडं मांडतो. त्याचं नाव 'सात ताऱ्यांचा मेळा'. दोन्हीकडे सात-सात सोंगट्या. लालकडे सेनापतीखेरीज दोन रथ, एक तोफ, तीन प्यादी. काळ्याकडे एकच रथ, एक हत्ती आणि चार प्यादी, पण ती लाल सेनापतीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपलेली. गिऱ्हाइकानं हवा तो रंग घ्यावा आणि पैसे लावावेत. लालकडून बघितलं की मात समोर वाढून ठेवल्यासारखी दिसते. तिला हात घातला की आपलाच घात. दोघंही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. पथारीवाल्याला दोन्ही बाजू पाठ, गिऱ्हाइकाला दिसते फक्त मात.

दाये गिऱ्हाइकाला सावध करत नाहीत. फक्त चुकीच्या सोंगटीला हात लागला की "च्च" करतात. पण ते अशा सुरात, की ऐकणाऱ्याला आपलं सगळं आयुष्यच चुकलं असं वाटावं.

एका सकाळी चार 'च्च' ऐकल्यावर पथारीवाला म्हणाला, "दाये, आज तुम्हीच बसा की."

गर्दी हसली. आता माघार घेणं म्हणजे प्याद्यानं नदी उलटी पार करणं. दायेंनी पैसे ठेवले, लाल घेतला, पट मोकळा हवा म्हणून बाटली उचलून बाजूला ठेवली. पहिल्या सहा खेळ्या चोख. पथारीवाल्यानं पहिल्यांदाच मान खाजवली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "तोफ! तोफ काढा!" दुसरा म्हणाला, "छे, रथ!" तिसऱ्यानं तर वाकून थेट बोटच लावलं. दायेंचा पारा चढला. "पटावर काय लिहिलंय ते वाचता येतं ना?" असं गरजत त्यांनी मागे वळून हात झटकला आणि त्याच रागात तोफ काढली.

पथारीवाल्यानं प्यादं एक घर सरकवलं. बाकीचं मग लवकर उरकलं.

दुसऱ्या दिवशी बाटली पुन्हा त्याच अक्षरांवर होती. एक नवा तरुण लाल घेऊन बसला होता. त्याचा हात तोफेकडे गेला.

"च्च," दाये म्हणाले.